शेवटच्या बाकावरचा हात

प्रश्न विचारून धाकट्या बाई गप्प उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत अख्खा वर्ग गप्प झाला.

खिडक्या लोटून घेतल्या होत्या. टेबलावर एक खडू उभा होता. टॉर्च त्याच्या बाजूला धरला, तेव्हा सावली पार टेबलाच्या कडेपर्यंत लांबली होती. टॉर्च वर नेला, तशी ती आखडत खडूच्या पायाशी आली. "असं का झालं?" एवढंच बाईंनी विचारलं होतं.

शेवटच्या बाकावर दोघं बसली होती. एक मुख्याध्यापक सर आणि दुसऱ्या मास्तरीणबाई. शिकवायचं कसं हे शिक्षकांना शिकवणं, हा मास्तरीणबाईंचा उद्योग. उभी हयात वर्गात गेली, आता शाळाशाळांतून फिरून इतरांचे वर्ग बघायच्या. मास्तरांच्या मास्तरीण, म्हणून हे नाव पडलं. तोंडावर कौतुकाने घेतलं जायचं आणि पाठीमागे जरा चिडवून. धाकट्या बाई नोकरीत नव्या, त्यांच्याच हाताखाली तयार होत होत्या. सरांनी सकाळीच आडवळण न घेता सांगितलं होतं, "आजचा तास नीट झाला तर वर्ग त्यांच्याकडे. नाहीतर सोमवारपासून मी दुसरी सोय करतो."

शांतता लांबत चालली. प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, थांबायचं, हे मास्तरीणबाईंनीच शिकवलं होतं. पण थांबायचं म्हणजे किती? सरांनी घड्याळ पाहिलं. मग घसा खाकरला. आणि धाकट्या बाई बंद खिडकीच्या दिशेने नजर लावून उभ्या, जणू तिथून कुणी येऊन सोडवणार आहे. गडबडली पोरगी, मास्तरीणबाईंच्या मनात आलं. इतकी गुणी, इतकी मेहनती, आणि आता डोळ्यांदेखत वर्ग घालवून बसणार.

बघणाऱ्याने तास संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियमही त्यांचाच. पण त्यांच्याकडे एक हुकमी डाव होता. त्यांनी शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

"बाई, मी सांगू? वरून उजेड पडला की खडूच लहान होतो."

वर्ग खो खो हसला. "खडू कसा लहान होईल?" "अहो आजी, खडू तेवढाच आहे!" पहिल्या बाकावरचा तोंडाळ मुलगा तर उभाच राहिला. उजेड कुठून येतो, खडू त्याला कुठे अडवतो, सगळं त्याने घडाघडा सांगून टाकलं. मग काय विचारता! हशा, प्रश्नावर प्रश्न, टॉर्च धरायला झुंबड. मास्तरीणबाई मनातल्या मनात स्वतःवर खूश झाल्या. वेळेवर धावून गेले, वाचवलं पोरीला.

घंटा झाली, मुलं बाहेर पळाली. व्हरांड्यात सर म्हणाले, "बघितलंत ना? तुम्हाला मध्ये पडावं लागलं, यातच सगळं आलं. सोमवारचं मी ठरवतो." आणि ते ऑफिसकडे चालू लागले.

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. मदत करायला म्हणून गेल्या आणि पोरीच्याच मुळावर आल्या. त्या वर्गात परतल्या. धाकट्या बाई खिडक्या उघडत होत्या.

"एवढी घाबरलीस कशाला गं? मी होते ना मागे."

"घाबरले नव्हते, ताई. थांबले होते."

"कुणासाठी?"

धाकट्या बाईंनी खिडकीजवळच्या बाकाकडे बोट केलं. "इथे बसते ना, वेणीवाली. निम्मं वर्ष संपत आलं, माझ्या तासाला तिने चकार शब्द काढलेला नाही. आज तिचा हात बाकावरून उठला होता. एवढा." त्यांनी स्वतःचा हात छातीपर्यंत उचलून दाखवला. "अजून जरा थांबले असते, तर वर गेला असता. तेवढ्यात तुम्ही बोललात, सगळे हसले. तिने हात मांडीवर ठेवला."

त्या मुलीचा हात मास्तरीणबाईंना दिसलाच नव्हता. दिसणार कसा? त्या सरांच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"मग सरांना हे सांगायचंस की लगेच."

"तासात, तिच्यासमोर कसं सांगू? आणि घंटा झाल्यावर सर थांबलेच नाहीत," धाकट्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरीणबाईंना जास्त लागलं.

त्या तडक ऑफिसात गेल्या. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाल्या, "सर, वर्ग तिच्याकडेच राहू द्या. तास बिघडला नव्हता. मी बिघडवला." मग काही हातचं न राखता सगळं सांगितलं. सांगताना कान तापले. सरांच्या पोटात काही राहत नाही, उद्या ही गोष्ट शाळाशाळांत पोचणार, हे त्या ओळखून होत्या.

सर गालातल्या गालात हसले. "म्हणजे तुम्हालाच थांबता आलं नाही?"

"नाही आलं."

"बरं. सोमवारचं राहू दे मग, वर्ग त्यांच्याकडेच." सरांनी समोरचा कागद बाजूला सारला. "पण ती मुलगी पुन्हा हात वर करेल?"

"माहीत नाही. वाट बघावी लागेल. आणि तोवर आपण दोघांनी तिथे मागे जाऊन बसायचं नाही."

"आणि नाहीच केला तर?"

मास्तरीणबाईंनी बाजूला सारलेला कागद पुन्हा सरांपुढे सरकवला.

"तर ते माझ्या नावावर लिहा, सर. बाईंच्या नको."