राणी रंग

"रविवारी माझी गिटार न्यायला येतोय," एवढंच सांगून हर्षलनं फोन ठेवला. बँडमधल्या गायिकेबरोबर वेगळं बिऱ्हाड थाटल्यानंतरचा त्याचा हा पहिलाच फोन.

शलाकानं त्याच दुपारी गिटारच्या तारा काढल्या, दांडा सोडवला आणि त्यानं जिवापाड जपलेली काळी चकाकी पॉलिश पेपरनं खरवडून काढली. आयुष्यात तिनं कधी कुंडीसुद्धा रंगवली नव्हती. शनिवारी रात्री ते उघडं लाकूड गॅलरीत टांगून तिनं त्यावर भडक राणी रंगाचा स्प्रे मारला. रंगाला ओघळ आले, वर धूळ चिकटली. ओघळागणिक तिचा जीव थंडावत गेला. सासूबाई मात्र सगळं पाहूनही गप्प होत्या. शेवटी मुलगा त्यांचाच.

रविवारी हर्षल गॅलरीत शिरला आणि जागीच थिजला. "आई, तू हिला अडवलं नाहीस?"

"अडवू कशाला? रंग मीच आणून दिला," शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

शलाका त्यांच्याकडे बघतच राहिली. स्प्रेचा डबा तर तिनं एकटीनं जाऊन आणला होता.

"ओली आहे अजून," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "शर्ट सांभाळून ने."