ओला चमचा

श्यामकांतनं बरणीचं झाकण काढलं आणि तो तसाच उभा राहिला. लोणच्यावर पांढरी बुरशी धरली होती.

आई आषाढात गेली. मे महिन्यात तिनं घातलेलं कैरीचं लोणचं तेवढं मागे उरलं होतं. खानावळीच्या डब्यात कुठलीही भाजी येवो, तो लोणच्याची एक फोड पानात घ्यायचा. तेवढा वेळ मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आपण एकटे नाही असं त्याला वाटायचं. मार्गशीर्ष लागला तरी त्यानं ते पुरवत आणलं होतं.

वरची बुरशी काढून त्यानं तळाची फोड चाखली. तीही गेलेली होती. डोळे पुसत तो खाली उतरला आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात त्यानं बरणी उपडी केली.

समोरच्या बिऱ्हाडातल्या वनमालाकाकू दुधाच्या बाटल्या घेऊन वर येत होत्या. त्या थांबल्या.

“काय रे, काय झालं?”

“लोणचं खराब झालं.”

“ओला चमचा घातलास ना?”

त्यानं मान हलवली. चमचा कोरडा लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चाळिशीला आलेल्या माणसाला असल्या गोष्टी कोण सांगणार? ऑफिसात चार कारकून त्याला साहेब म्हणत. पण गॅसचा नंबर कधी लावायचा, फ्यूज उडाला तर कुणाला हाक मारायची, सांत्वनाला आलेल्यांना चहा विचारायचा असतो की नसतो, या सगळ्याच्या नावानं आनंद होता. बाकीची माणसं हे कुठं शिकतात कोण जाणे. ज्या दिवशी हे शिकवलं, त्या दिवशी आपण शाळेत गैरहजर असणार, असं त्याला वाटे.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू होत्या, हातात झाकण घातलेला स्टीलचा वाडगा.

“घे. लोणचं आहे. आणि कोरडा चमचा वापर हं.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

त्याचे कान तापले होते. एवढं टोचून सांगायची काय गरज होती? काकूंना ब्लडप्रेशर, मीठ जवळजवळ बंद. स्वतः अळणी जेवायचं आणि दुसऱ्याला लोणच्याचे धडे द्यायचे. उद्या तळमजल्यापर्यंत बातमी जाईल, की कुलकर्ण्यांच्या श्यामला बरणीसुद्धा सांभाळता येत नाही.

त्यानं झाकण उचलून पाहिलं. कोयीसकट मोठ्या फोडी होत्या, आई करायची तशाच. पण तशा काय, सगळ्याच बायका करतात. त्याला आईची फार आठवण आली. तिची चव अजून जिभेवर होती आणि ती तेवढीच राहिली होती. ती दुसऱ्या कुणाच्या लोणच्यानं पुसून टाकायला त्याचं मन होईना.

मात्र एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आई आणि काकूंमध्ये भांड्यांची इतकी ये-जा असे, की कुठलं कुणाचं हे पुढे पुढे त्यांनाही सांगता येत नसे.

तो वाडगा घेऊन खाली गेला, पिंपापाशी क्षणभर घुटमळला आणि त्यानं तो उपडा केला. वर येऊन वाडगा घासला, स्वच्छ फडक्यानं पुसून कोरडा केला आणि काठोकाठ साखर भरली. ते काम करताना त्याला बरं वाटलं. कुणी न सांगता, मोठ्या माणसांसारखं एक काम तरी आपण रीतसर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काकूंची बेल वाजवली. खाली झाडूवाला पिंप रिकामं करून फरफटत परत आणत होता.

काकूंनी साखर पाहिली आणि त्या हसल्या. “इतका शहाणा कधी झालास रे? पण वाडगा इतक्यात कशाला रिकामा केलास?”

“बरणीत काढून ठेवलं. छान आहे लोणचं,” तो म्हणाला. अशा वेळी असंच म्हणायचं असतं, एवढं त्याला कळत होतं.

“चव घेतलीस? मग ओळखलंस?”

“हो, म्हणजे... छानच आहे.”

काकूंनी पदरानं डोळे टिपले.

“मला कुठं चालतं लोणचं. तिची आठवण आली की झाकण काढून नुसता वास घ्यायचे. काल तुला त्या पिंपापाशी पाहिलं आणि राहवेना रे. मे महिन्यात तुझ्या आईनं मला दिलेलं सगळंच्या सगळं तुला आणून दिलं.”