उतारावरचा लाल ठिपका

धाकट्याला निवड म्हणून करता येत नाही, हे आईचं ठाम मत. चपला आणेल तर एक सैल, एक घट्ट. सायकलचा मागचा दिवा आणला तोही तसलाच. दिसायला राजबिंडा आणि तिसऱ्या दगडाला खलास.

म्हणून आज दुकानात ती स्वतः आली होती. धाकटा मागे मान खाली घालून उभा.

गेल्या खेपेला डोंगराच्या कच्च्या उतारावर तो दिवा निखळला. लाल ठिपका काळोखात गडप झाला. हाका मारून आईचा घसा बसला, तेव्हा कुठे त्याची ओ आली. तिने तिथल्या तिथे बजावलं होतं, खात्रीचा दिवा मिळाला तर ठीक, नाहीतर रात्रीची सायकल कायमची बंद.

दुकानदाराने सगळ्यात झगझगीत दिवा काढला. "हा घ्या आजी. गाड्यांना लांबून दिसतो."

"डोंगरात गाड्या कुठल्या आल्या? आणि आजी असेल तुझ्या घरी."

तिने दिवा सरळ फरशीवर सोडला. क्लिप तुटून कपाटाखाली गेली.

"अहो!"

"फरशीला घाबरला, तो खडकाला काय पुरणार? भरपाई हा देईल." तिने न बघताच धाकट्याकडे बोट केलं.

दुसरा लुकलुकणारा होता. "नको. बघून बघून भोवळ येते."

तिसरा ठेंगणा, काळा, दिसायला अगदीच ओबडधोबड. क्लिपच नाही, जाड रबरी पट्टा. तो तिने फरशीवर टाकला. पंक्चर शोधायच्या टबात बुडवून ठेवला. मग दुरुस्तीला आलेल्या एका सायकलच्या सीटखाली बांधायला लावला आणि मेकॅनिकला म्हणाली, "सांगाड्यावर हातोडी मार. लाजू नकोस, सासरी आलायस का?"

मेकॅनिक लाजत सुरू झाला आणि मग रंगातच आला. दिवा तसूभर हलला नाही.

मग तो सोडवून घेऊन ती मागच्या अंधाऱ्या गोदामात शिरली. बराच वेळ बाहेर येईना, तसा दुकानदार आत डोकावला. तिने दिवा पार टोकाच्या फळीवर ठेवला होता आणि ती दाराशी उभी राहून बघत होती.

"वर हे एवढं आभाळ," ती हळूच म्हणाली, "खाली दरी. आणि मधे एवढासा ठिपका. सगळा डोंगर गिळायला बसलेला असतो, पण त्याला गिळता येत नाही. बघताना श्वास घ्यायचं भान राहत नाही रे."

दुकानदार म्हणाला, "मुलावर फार जीव आहे तुमचा. घरी डोळ्याला डोळा लागत नसेल."

"हा बांधून दे," ती म्हणाली.

बाहेर येऊन धाकट्याने दिवा आपल्या सायकलला लावला, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि निकालाला उभं राहिल्यासारखं तोंड केलं. "आता तरी पास ना, आई?"

"दिवा पास, तू नापास. उतार आला की ब्रेक धरून बसतोस आणि मागे माझं चाक तुझ्या चाकावर आदळतं. काढ तो, माझ्या सायकलला लाव. आज पुढे मी."