दोनशे टक्के

केतनने आकड्याच्या चौकटीत एकशेपंचाहत्तर टक्के टाकलं आणि हळूच मागे बघितलं. बाबा बैठकीत पेपर उघडून बसले होते. नुसते मथळे चाळत असणार, दुसरं काय.

लॅपटॉपवरचा रणगाडा टम्म फुगला. दोन-तीनशे वर्षांनंतरच्या कुठल्याशा युद्धातला हा रणगाडा, चाकांऐवजी सहा पायांचा. मुळात आगपेटीएवढा. असे दहा केतनचे आणि दहा बाबांचे, दर रविवारी सकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर एकमेकांवर तुटून पडत. आई गेल्यावर बाबा, म्हणजे शांतारामराव, साताऱ्याहून मुलाकडे आले आणि त्यांना करमेना, म्हणून केतनने आपला हा खेळ त्यांच्या गळ्यात मारला होता. गणिताचे मास्तर ते. महिन्याभरात त्यांनी लेकाला धूळ चारायला सुरुवात केली.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी केतनचाच रणगाडा आपला समजून उचलला.

"फार बारीक आहे रे हे सगळं," ते म्हणाले. "जरा मोठे करता येतील?"

आजोबांचं असंच झालं होतं. पन्नाशीच्या आत डोळे गेले, आणि शाळकरी केतन त्यांना हाताला धरून देवळात नेत असे. तेव्हापासून भोईट्यांच्या घरात डोळ्यांचा विषय कोणी काढत नसे. केतन तर नाहीच नाही.

"करतो ना. तुमचे दहा करतो मोठे."

"माझेच का? तुझेही कर. मोठ्यावर नेम सोपा बसतो. मग म्हणशील, बाबांची फौज ठोकण्यात काय मोठंसं."

दोन्हीकडचे सव्वापट झाले. पण डिसेंबरात बाबा पुन्हा चाचपडू लागले, तेव्हा केतनने काही न बोलता सगळे दीडपट करून टाकले. पन्नास टक्क्यांनी वाढलेला रणगाडा हातात घेऊनही बाबांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांना फरकच कळला नव्हता. केतनला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काम मात्र त्याने मन लावून केलं. गॅलरीतला छोटा थ्रीडी प्रिंटर रेझिनच्या थरावर थर चढवत रणगाडा घडवी. मग तो स्पिरिटमध्ये धुवायचा, भोवतीच्या आधाराच्या काड्या छाटायच्या, उन्हात कडक करायचा. एकदा काडीबरोबर तोफेची नळीच छाटली गेली.

"दिल्लीच्या या धुरात कोणाचे डोळे धड राहणार?" केतन डोळे चोळत म्हणाला.

वैभवीने त्याच्या हातातलं कटर घेतलं आणि उरलेले सगळे स्वतः साफ केले. बायको कधी नव्हे ते खेळात मदत करतेय म्हणून त्याला बरं वाटलं.

टेबलावरचं अंतर टेपने मोजायचं असे. केतन वाकायच्या आत बाबा इंच मोठ्याने वाचून मोकळे होत. "साडेसात. मार गोळा." म्हाताऱ्याला दाखवायचंय की आपल्याला अजून दिसतं, असं केतनच्या मनात येई आणि त्याला भरून येई. आकडा खरा की खोटा, हे तो तपासायलाही जात नसे. आणि इतकं करूनही बाबा हरू लागले. रणगाडे वाढत गेले तसा केतनच जिंकत गेला. असलं जिंकणं त्याला नको होतं.

फेब्रुवारीत त्याने दोनशे टक्के टाकलं आणि स्क्रीनवर रणगाड्याचे पाय लाल झाले. प्रिंटरच्या मापात तो मावत नव्हता. तिरका केला, आडवा केला, उभा केला. सगळं करून झालं, पण लाल काही जाईना. केतनने लॅपटॉप मिटला.

"वैभवी, आता डॉक्टरला दाखवायलाच हवं," तो म्हणाला. "आजोबांच्या वेळी उशीर झाला होता. आता मला तसं होऊ द्यायचं नाहीये. पण बाबा येतील का?"

"ते येतील. बोललेय मी त्यांच्याशी." तिने मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. "तू रजा टाकशील? नक्की?"

"बाबांसाठी नाही टाकणार? कमाल करतेस यार. साहेबाच्या उरावर बसून घेईन."

स्वतःच्या तापासाठी कधी अर्धा दिवस न घेतलेला माणूस तो. दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज गेला.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात सकाळीच गर्दी होती. फॉर्म बाबांनी स्वतःच भरला. केतनने बघू म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. हात चालतोय अजून माझा." दोघं बाकावर बसले. केतनने त्यांचा हात हातात घेतला. आजोबांचा धरायचा तसाच.

"घाबरू नका बाबा. वेळेत आलोय आपण. मी आहे ना."

"हो रे बाळा," बाबा म्हणाले. त्यांनी दुसरा हात केतनच्या हातावर ठेवला.

काउंटरवरून हाक आली. "केतन भोईटे? पेशंट केतन भोईटे कौन हैं?"

केतन उठला. "मॅडम, नाम गलत लिखा है. पेशंट मेरे पिताजी हैं, शांताराम भोईटे."

बाबांनी त्याचा दंड धरला. "गलत नाही. नंबर तुझाच लावलाय." मग चष्मा काढून खिशात ठेवत, वर्गात वाचून दाखवावं तसं त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या पाटीवरचं एकेक वाक्य वाचून दाखवलं, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत.

समोरच्या भिंतीवर पाटी आहे, हे केतनला तेव्हा कळलं.