हातचं अक्षर

"नुसतं पुसू नका. जुन्या डिस्कवर काही म्हणता काही उरता कामा नये," सूर्यकांतराव कन्नडात म्हणाले.

दुकानदार प्रणीत हसला. लॅपटॉपमधलं सगळं त्याने नव्या, मोठ्या हार्ड डिस्कवर नेलं होतं. सूर्यकांतरावांनी फाइलींची नावं दोन्हीकडे ताडून पाहिली होती. एकही कमी नव्हती.

"सर, तुम्ही फॅक्टरीत इन्स्पेक्टर होतात काय?"

"ड्राफ्ट्समन. नवं ड्रॉइंग निघालं की जुनं फाडायचं. नाहीतर कुणीतरी जुन्यावरूनच काम करून ठेवतो."

"आणि घरात तुटकी चप्पलही टाकू देत नाहीत," श्यामलाबाई शेजारच्या स्टुलावरून म्हणाल्या.

प्रणीतने पुसण्याचा प्रोग्रॅम लावला. जुनी डिस्क बराच वेळ कुरकुरली, मग गप्प झाली. तेव्हा कुठे सूर्यकांतरावांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि पुतणीच्या, कावेरीच्या, लग्नाची पत्रिका उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि स्वल्पविराम एकमेकांत अडकून पडले होते.

"मराठी कुठं गेलं?"

"फाइल बरोबर आहे, सर. फॉन्ट नाही." प्रणीतने कपाळ खाजवलं. "विंडोज मी नवं घातलं. तुमच्या फाइली तेवढ्या आणल्या. फॉन्ट जुन्या विंडोजमध्ये राहिला असणार. कुठल्या कंपनीचा होता? आत्ता आणवतो."

"कंपनीचा नव्हे," श्यामलाबाई म्हणाल्या. "यांचं अक्षर होतं ते."

गावातल्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका वर्षानुवर्षं सूर्यकांतरावांच्या हातच्या. हाताला कंप सुटला आहे, तो वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर मोठं काढून लॅपटॉपमध्ये बसवलं होतं. पुढे हाताने लिहिणं थांबलं. पत्रिका त्याच अक्षरात निघत राहिल्या.

"फ्लॉपीवर असेल ना, सर?"

"फ्लॉप्यांना बुरशी आली. म्हणून तर मोठी डिस्क घेतली."

प्रणीतने जुन्या डिस्ककडे पाहिलं. सूर्यकांतरावांनी पाहिलं नाही.

"अहो, जुन्या पत्रिका आहेत की घरी. त्यावरून कुणीतरी गिरवून देईल," श्यामलाबाई म्हणाल्या.

"देईल. ते त्याचं अक्षर होईल."

"स्वल्प थांबा, सर." प्रणीतने घाईघाईने एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "बाजारात मराठी फॉन्ट पुष्कळ आहेत. तुमच्यासारखाच शोधून काढू. नमुन्याला एक अक्षर काढून द्या."

सूर्यकांतराव पेनाकडे बघत राहिले. मग ते उचललं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पत्रिकेच्या माथ्यावरचा 'श्री' काढायला घेतला. टोक कागदाला लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. श्यामलाबाई बाहेर रस्त्याकडे बघू लागल्या.

पेन खाली ठेवलं गेलं.

प्रणीतने कागद आपल्याकडे ओढला. आधी उभा धरला, मग आडवा.

"हे कुठलं अक्षर, सर?"