डेलचा प्रेस

हँडल अर्ध्यावर येऊन अडलं. राजारामनी ते सोडलं, पुन्हा ओढलं. पुन्हा तिथेच अडलं.

"नवाकोरा आहे म्हणतोस?"

"कालच बॉक्समधून काढलाय," संजीव म्हणाला. "माझ्या ऑफिसातला डेल आहे ना, त्याचा. त्याला नेमबाजीचा नाद. उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरीच परत भरतात हे लोक, त्यासाठीचा प्रेस. फार जड चालतो म्हणाला. म्हटलं, माझे वडील बघतील."

१९८६चा जानेवारी होता. राजारामना अमेरिकेत चँडलरला येऊन तीन महिने झाले होते. सुचित्राबाई गेल्यावर मुलानं त्यांना पुण्याहून आणलं होतं. घर मोठं, रस्ते रिकामे, हवा कोरडी. संजीव चिपच्या कंपनीत इंजिनिअर, सून कांचन लायब्ररीत नोकरीला. दिवसभर घरात राजाराम आणि टीव्ही. बापलेकाचं बोलणं 'जेवलात का' आणि 'गोळी घेतलीत का' याच्यापुढे जात नव्हतं. शेवटी कंटाळून त्यांनी मार्चचं परतीचं तिकीट काढायला लावलं. संजीवनं तिकीट आणून हातात दिलं.

पण प्रेस म्हटल्यावर राजारामचे हात शिवशिवले. पुण्याजवळच्या काडतुसांच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं प्रेसवरच काढली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये टेबल मांडलं आणि प्रेस खोलला. गंजू नये म्हणून फासलेलं चिकट ग्रीस थिनरनं धुऊन काढलं. वर-खाली होणाऱ्या पोलादी दांड्याला निळा रंग लावून तो एकदा सरकवला. जिथे रंग पुसला गेला, तिथे दांडा घासत होता. तेवढ्याच जागी तेलात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर दोन बोटांनी फिरवायचा. पुसायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं.

संध्याकाळी संजीव ऑफिसातून आला तो तसाच गॅरेजमध्ये शिरला. बादली पालथी घालून बसला.

"जरा जोरात घासलं तर लवकर होईल ना, बाबा?"

"होईल की. आणि ढिला पडेल. जगन्नाथ मिस्त्री म्हणायचे, जड मशीन हलकं करता येतं, ढिलं झालेलं पुन्हा घट्ट होत नाही."

"हे मिस्त्री कोण?"

राजारामनी वर पाहिलं. शाळेत असताना हा पोरगा कारखान्याचं नाव काढलं की उठून जायचा. आता बादलीवर बसून विचारत होता. मग ते बोलत सुटले. पहाटेचा भोंगा, पितळेच्या कढत पुंगळ्यांचा वास, पावसाळ्यात सायकली खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारे कामगार, पगाराच्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यांना पाजलेला चहा.

"आणि तपासणीच्या टेबलावर तुझी आई."

"आई? कारखान्यात?"

"लग्नाआधी. तिच्या माहेरी ते बोललेलं खपत नसे, मग आम्हीही विषय बंद केला. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा अख्खा ट्रे परत पाठवला. मी तणतणत भांडायला गेलो."

"मग?"

"मग काय, भोंगा झाला. ते तेल दे इकडे."

आठ दिवसांनी त्यांनी हँडलच्या सांध्यांना ग्रीस भरलं, दांड्यावर तेलाचा हात फिरवला आणि हँडल शंभर वेळा ओढलं. शंभराव्या वेळी ते एका बोटानं खाली आलं.

डेल एकदम खूश झाला म्हणे. इतका, की दोन आठवड्यांनी त्याच्या मित्राचा प्रेस आला. मग मित्राच्या भावाचा. प्रत्येक नवा, प्रत्येक जड. राजाराम दुपारी जेवण आटोपून गॅरेजमध्ये जात आणि साडेपाचला गाडीचा आवाज आला की बादली पालथी घालून ठेवत. संजीव विचारत जाई आणि ते थोडं थोडं सांगत जात. सुचित्रानं डब्यातली शेंगदाण्याची चटणी कशी पुढे सरकवली, ती रजेवर गेल्यावर आपल्या हातून तीन दिवस कसं काम बिघडलं. सांगता सांगता एकदा त्यांचे डोळे भरून आले. संजीव उठला नाही. त्यानं नुसता पुसायचा फडका पुढे केला.

तिसऱ्या प्रेसच्या वेळी राजाराम म्हणाले, "ते मार्चचं कॅन्सल कर. लोकांची कामं अर्धी टाकून जाता येत नाही."

एप्रिलमध्ये चौथा प्रेस करून दिला. त्यानंतरच्या शनिवारी संजीव आणि कांचन सामान आणायला गेले असताना दारावरची बेल वाजली. बाहेर एक उंच, टकला माणूस उभा होता.

"मी डेल. संजीवच्या गाडीतून ऑफिसला जातो. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

राजारामना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी डेलला हाताला धरून गॅरेजमध्ये आणलं, टेबल दाखवलं, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमचा प्रेस आता कसा चालतो? चारांत तोच सगळ्यात जड होता."

"कसला प्रेस?"

"काडतुसं भरायचा!"

"सर, मी जन्मात कधी बंदूक हातात धरलेली नाही." डेल गोंधळून टेबलाकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, त्या डिकीतल्या लोखंडी वस्तू! चारही ब्लँकेटात गुंडाळून ठेवल्यात त्यानं. मी म्हटलं, वापरत नाहीस तर दुकानात परत का करत नाहीस? तर म्हणाला, पाचवा मागवलाय, आईची गोष्ट अजून पुरी ऐकून झालेली नाही."