तिसऱ्या पानावरचा स्क्रीनशॉट

एका मुक्त सॉफ्टवेअरची माहिती देणारी वेबसाइट ताई आठ वर्षं हौसेने सांभाळत होती. वाचकाने सकाळी चूक कळवली की दुपारच्या आत दुरुस्त, हा तिचा खाक्या.

त्या सकाळी तक्रार आली, "तिसऱ्या पानावरच्या स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसतंय. मागे कुणीतरी उभं आहे."

ताईला हसू आवरेना. स्क्रीनशॉट म्हणजे काय कॅमेऱ्याने काढलेला फोटो आहे, त्यात प्रतिबिंब उमटायला? तरी तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिने नवा स्क्रीनशॉट घेऊन चढवला.

लगेच उत्तर आलं, "मागचा माणूस आता तुमच्या खुर्चीवर हात ठेवून उभा आहे."

"डोळे तपासून घ्या," असं ठणकावून ताईने आणखी एक चढवला.

"आता तुम्ही दिसत नाही," वाचकाने कळवलं.

"आला ना ताळ्यावर!" म्हणत ताईने तक्रार निकालात काढली.

तेवढ्यात धाकटी बहीण चहा घेऊन आत आली आणि दारातच थबकली. ताईच्या डोक्यावरून खुर्चीमागे बघत तिने विचारलं, "तुम्ही कोण? आणि ताई कुठे गेली?"